तानुबाईचं लाल लुगडं

अकोल्यात सहदेव घाटोळ या नावाने पत्ता विचारत गेलात तर दिवसभर फिराल. 'लालवाले सर' म्हणा, कोणताही ऑटोवाला दारात नेऊन सोडेल आणि वर सांगेल, "आमच्या सायबाच्या बंगल्यात हाय न त्यायचं चित्र, लाल बाईचं." चित्रकाराला लोक त्याच्या रंगावरून ओळखू लागले की तो मोठा झाला असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी सहदेवसारखं एकाच बाईला चौतीस वर्षं रंगवत बसून पाहावं, मग म्हणावं.

त्याचा लाल खरंच तसा आहे, त्यात वाद नाही. पुण्यामुंबईचे जाणकार येऊन चित्रापुढे उभे राहतात आणि नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहतात. लालाखाली तो आधी पिवळ्याचा हात देतो, तो पुरता वाळू देतो, मग त्यावर लाल चढवतो, म्हणून तो रंग आतून पेटलेला दिसतो. ही युक्ती त्याने कुणापासून लपवली नाही. शाळेत चित्रकला शिकवताना त्याने ती शेकडो पोरांना सांगितली, पण कुणालाच जमली नाही. जमली असती तर बिचारा सुटला असता.

सहदेव मूळचा दर्यापूरजवळच्या खेड्यातला, माळ्याच्या घरचा. अडीच एकर बागाईत, विहीर, त्यात मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, बांधावर लिंबं. बाप किसनराव पिकवायचा आणि आई तानुबाई बाजारात नेऊन विकायची. बाप अचानक गेला तेव्हा सहदेव बावीस वर्षांचा होता, अमरावतीला चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होता. लोक म्हणाले, आता पोराला शेतावर आणा. तानुबाई म्हणाली, "शिकू द्या त्याले. मी हावो न." शेत तिने बटईने, अर्ध्या वाट्याने लावलं आणि स्वतः बाजार सोडला नाही. बाजारात तिची जागा ठरलेली होती, आवाज ठरलेला होता आणि भाव तर असा ठरलेला की अडत्यासुद्धा तिच्याशी घासाघीस करायला बिचकायचा. चाळिशीतली विधवा बाई, अंगावर धुऊन धुऊन विटलेलं राखाडी लुगडं, कपाळ मोकळं, पण बसली की अख्खी ओळ तिच्या धाकात. बाजाराचा दिवस हाच तिचा सण होता, असं सहदेवला आज वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा त्याला फक्त मिरच्यांचे ढीग दिसत होते.

सव्विसाव्या वर्षी त्याने ते चित्र काढलं. नाव साधंच, 'बुधवारचा बाजार'. मधोमध आई बसलेली, भोवती माल. आठ दिवस खपून चित्र उभं राहिलं, पण मेलेलं. राखाडी लुगड्यामुळे मधली जागा विझून गेली होती. कॉलेजातले मास्तर म्हणाले, "मध्यावर नजर थांबत नाही रे." सहदेवने रात्रीतून लुगडं लाल केलं. नजर थांबली. पण आता सगळा भार खाली आला, वर त्याला उत्तर देणारं काहीतरी हवं होतं. म्हणून त्याने आईच्या कपाळावर लालाचा एक ठिपका ठेवला. रुपयाएवढा. तोल साधला. इतकंच होतं ते. त्या क्षणी त्याच्या मनात विधवा नव्हती, सवाष्ण नव्हती, रूढी नव्हती, आईसुद्धा नव्हती. तोल होता.

चित्राला राज्याचं पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. तिथवर ठीक होतं, तो फोटो काळापांढरा होता. पण दर्यापुरातल्या एका बियाणेवाल्याला गावच्या पोराचं कौतुक दाटून आलं आणि त्याने नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ते चित्र छापलं, पूर्ण रंगात. सहदेवने हौसेने परवानगी दिली. जानेवारी लागला आणि तानुबाई चहाच्या टपरीत, सलूनमध्ये, अडत्याच्या गादीमागे, जिकडेतिकडे भिंतीवर जाऊन बसली. लाल लुगडं नेसून, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून.

आता वऱ्हाडात याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. माळ्याकुणब्यांत विधवेला दुसरं घर करता येतं, त्याला पाट लावणं म्हणतात. त्यात पाप नाही, पण तो लग्नासारखा वाजतगाजत होत नाही. चार माणसांत गुपचूप होतो, आणि गावाला त्याचा पत्ता कशाने लागतो? एके सकाळी त्या बाईच्या कपाळावर कुंकू दिसतं, त्याने. बाजाराने कॅलेंडर पाहिलं आणि ते जसं वाचायचं तसं वाचलं. तानुबाईनं पाट लावला. पोरानं सोताच्या हातानं जाहीर केलं. मग नवरा कोण, एवढाच प्रश्न उरला, आणि बाजाराने तोही आठ दिवसांत सोडवला. तिचा माल टेम्पोतून आणणाऱ्या एका बायकोमुलांच्या माणसाचं नाव त्यात गोवलं. त्याची बायको भर बाजारात येऊन तानुबाईपुढची मिरची लाथेने उधळून गेली.

त्यानंतर तानुबाई बाजारात बसली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी!

सहदेवला हे सगळं बाजारात आईशेजारी दुकान लावणाऱ्या पार्वताबाईने सांगितलं. अमरावतीच्या बसस्टँडवर गाठून सांगितलं, "तुह्या चितरानं तुह्या मायचा बजार उठवला, माईत हाय का तुले? एकडाव ये अन् लोकायले सांग, बापा, की रंग तुनं सोता लावला म्हून." तो हो म्हणाला. पुढच्या बुधवारी जाणार होता. पण त्या आठवड्यात मुंबईहून एका गॅलरीचं पत्र आलं, अशीच सहा चित्रं पाहिजेत. त्याच्या पुढच्या बुधवारी तो सहा चित्रांत बुडालेला होता. नंतर नंतर त्याला वाटू लागलं, आईचे गुडघे खरंच दुखत असतील. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

अकोल्यात नोकरी लागली, साधनाशी लग्न झालं, घर झालं. आईला त्याने इकडे आणलं आणि मागची खोली दिली. जिच्या एका हाकेने बाजाराची ओळ सरळ व्हायची, ती बाई मागच्या खोलीत भाजी निवडू लागली. पुढच्या खोलीत सहदेव तिला रंगवत होता. लाल लुगडं, लाल कुंकू. कधी मिरच्यांसोबत, कधी झेंडूसोबत, कधी बैलगाडीत, एकदा तर मोरासोबत, कारण गिऱ्हाइकाच्या बायकोला मोर आवडत होता. तानुबाईने इतक्या वर्षांत त्या पुढच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. चहा द्यायचा झाला तरी दाराशी ठेवून जायची. आणि दोघांपैकी एकानेही त्या कॅलेंडरचं नाव काढलं नाही. घर तेच, ताट तेच, दुखणं तेच, आणि तोंडं बंद.

सुटायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी लाल ट्यूबला हात लावायचा नाही अशी शपथ घेऊन त्याने अकरा चित्रं काढली. उन्हाळ्यातली भेगाळलेली काळी जमीन, तुरी काढल्यानंतरचं रिकामं वावर, धुळीने भरलेली बाभूळ. सगळी करडी, मातकट. अकोल्यात प्रदर्शन मांडलं. लोक आले, आदबीने फिरले, आणि प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, "सर, ती बाई कुठे?" एका डॉक्टरांनी बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "तब्येत ठीक आहे ना? झोप लागते का?" अकराच्या अकरा परत घरी आली आणि आजही माळ्यावर आहेत. पुढच्याच सोमवारी त्याने लाल ट्यूबचं झाकण उघडलं.

तर असा हा माणूस यंदा साठ वर्षांचा झाला. त्याचा जुना विद्यार्थी शेखर अमरावतीत कलेची संस्था चालवतो. उत्साही माणूस, आणि उत्साही माणसाइतकं धोकादायक जगात काही नाही. त्याने साठीचा सत्कार ठरवला. मोठं सभागृह, मोठी पाहुणेमंडळी, आणि मधोमध ते मूळचं चित्र, ज्याच्या संग्रहात होतं त्याच्याकडून खास मागवलेलं. एवढ्यावर थांबला असता तर तो शेखर कसला. फोनवर म्हणाला, "सर, आजींना आणायचं. लाल लुगड्यात. चित्राशेजारी बसवायचं. लोक रडतील, सर."

सहदेवने फोन ठेवला. मग तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. "माय, अमरावतीले कार्यक्रम हाय. येतं का?"

"गुडघे दुखतेत," तानुबाई मेथीवरून नजर न उचलता म्हणाली.

त्या दिवशी त्याने ठरवलं. आता बस. मंचावर उभं राहून सगळं सांगून टाकायचं. तो लाल खोटा होता, ते कुंकू खोटं होतं, माझ्या आईचा त्यापायी बाजार सुटला. एकदा लोकांसमोर कबूल केलं की लालाची किंमत जाईल, मागणी थांबेल, आणि आई एकदा तरी आपल्याकडे मान वर करून पाहील. एवढंच त्याला हवं होतं. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. साधना सासूजवळ घरीच थांबणार होती. तो सकाळी एकटाच निघाला. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत त्याने भाषण तीनदा म्हणून पाहिलं.

सभागृह भरलेलं होतं. चित्राला हार घातला होता. सत्कार झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. सहदेव बोलायला उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. काही चोरलं नाही. तोलासाठी ठेवलेला ठिपका सांगितला. कॅलेंडर सांगितलं, पाटाची अफवा सांगितली. उधळलेली मिरची सांगितली, पार्वताबाईला दिलेला आणि न पाळलेला शब्दही सांगितला. "मी चोर आहे," तो म्हणाला. "आईचं राखाडी लुगडं चोरून मी मोठा झालो. मला माफ करा."

 टाळ्या सुरू झाल्या. पहिली रांग उभी राहिली, मग दुसरी, मग सगळे. बायका पदराने डोळे पुसत होत्या. शेखर माईककडे धावला. त्याचा आवाज फुटला होता. "ज्या काळात विधवेला रंग नाकारला जात होता, त्या काळात एका मुलाने आपल्या आईच्या कपाळी कुंकू लावलं! मित्रहो, हे चित्र नाही, ही क्रांती आहे!"

"अरे, नाही!" सहदेव ओरडला. "मी कुठली रूढी मोडली नाही. मी माझ्या आईचा बाजार मोडला!"

या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, हे त्याने लहानपणी ऐकलं होतं. इथे सोडलेलं मागे धावत येऊन चावत होतं. चहाच्या वेळी एक प्राध्यापक बाई पाया पडल्या. एका बँकेच्या साहेबांनी तिथल्या तिथे चित्र मागितलं, फक्त आता चित्राखाली ही गोष्टही छापून पाहिजे म्हणाले. अध्यक्षांनी सांगितलं की कबुलीने चित्राची उंची वाढली. सहदेव सगळ्यांना हात जोडत राहिला. दुसरं काय करणार?

परतताना मात्र त्याच्या मनात एक आशा होती. लोकांना कळलं नाही तर न कळो. साधना म्हणाली होती की कार्यक्रम मोबाइलवर दिसणार आहे, ती आईला दाखवील. म्हणजे आईने ऐकलं असेल. बाकी गेले खड्ड्यात.

संध्याकाळी पाचला तो घरी पोचला. साधनाने दार उघडलं आणि नुसती मागच्या खोलीकडे बोट दाखवून आत गेली. तानुबाई खाटेवर बसली होती. पुढ्यात भाजी नव्हती. आणि ती त्याच्याकडे पाहत होती, सरळ, मान वर करून. चौतीस वर्षांनी. सहदेवला जमिनीवर बसावंसं वाटलं आणि तो बसला.

"पाह्यलं मी," ती म्हणाली. "साधनानं दाखवलं फोनात."

"माय..."

"चारशे लोक असतीन न?"

"असतीन."

"त्या चारशे लोकायची माफी मांगितली तुनं. त्यायचं काय नासलं होतं रे? त्यायची मिरची उधळली होती का कोनं?"

उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली,

"तवा मले न इचारता लाल नेसवलं. आज न इचारता सोडून घेतलं, ते बी चारशे लोकायपुढं. पाटाची गोठ अमरावतीले माईत नोहती, दर्यापुरातले बी आर्धेअधिक मरून गेले. आज तुनं पुन्ना कॅलेंडर लावलं, बापा. घरोघरी लावलं." तिचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव सांगायची त्याच आवाजात ती बोलत होती, आणि त्या भावाला घासाघीस नव्हती. "अन् मी अथी बसून होतो. या खोलीत. इतके वर्स. दोन पावलं येऊन मले एकटीले म्हनाले तुह्या जिभेले काय झालतं?"

तो लहान पोरासारखा रडला. साठ वर्षांचा, शाल अजून खांद्यावर. तिने त्याला रडू दिलं. उगी म्हटलं नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. सहदेवला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच त्याला त्याच्या मापाचं काहीतरी मिळत होतं.

शालीने डोळे पुसून तो म्हणाला, "चुकलो, माय. तवाच इचाराले पाह्यजे होतं. इचारलं असतं तं तू नाई म्हनली असती का?"

"नाई कायले म्हनीन? पोरगं चितर काढून राह्यलं, त्याले राखाडी पुरत नाई, तं दुसरा रंग सांगितला असता."

"कोनता?"

तिने खिडकीबाहेर पाहून घेतलं. "सांगतो. पन काढाचा नाई. शब्द दे."

"देतो."

"वांग्याचा. कवळ्या वांग्याले असते न, काया-जांभया, चकचकीत, तसा. दर्यापुरात दुकानात टांगलं होतं तसं लुगडं. तुहा बाप म्हने, दिवाईले घेऊ. दिवाईच्या आंधीच गेले ते. मंग मी दर बजारी जाताजाता पाहो त्या लुगड्याले. एक दिवस इकल्या गेलं." ती बोलता बोलता किंचित हसली, आणि सहदेवने ते हसू कधीच रंगवलं नव्हतं. "त्या रंगाले कोनी काई म्हनलं नसतं. मोकळ्या कपायाले बी चालते तो. ना पाट झाला असता, ना बोभाटा."

मग तिने असं काही विचारलं, जे कुठल्याही जाणकाराने त्याला कधी विचारलं नव्हतं. "पन खरं सांग. त्या रंगात तुहं चितर चाललं असतं?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. सहदेवने मनातल्या मनात चित्र समोर ठेवलं, लाल काढला, वांगी घातला. पाहिलं. सुंदर झालं होतं. शांत, खोल, आईसारखं झालं होतं. आणि कुणीही त्याच्यापुढे थांबलं नसतं.

"नसतं चाललं," तो म्हणाला.

"मंग बरंच झालं न तुहं," तानुबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "लाल काढत राह्य. ते लाल बाई म्या कवाच सोडली, ते मी नोहे. तुहं पोट हाय तिच्यावर. पन हे वांगी माह्यं हाय. हे कोनाच्या भिंतीवर नाई जाचं."

दुसऱ्या दिवशी पेपरांत मथळे आले. 'आईच्या कपाळी क्रांतीचं कुंकू', असा एक होता. सकाळी नवाच्या आत फोनवर सात चित्रांची मागणी आली. शेखर म्हणाला, सर, आता तुमचं खरं करियर सुरू झालं.

सहदेव पुढच्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. पत्र्याच्या ताटलीत त्याने किरमिजी घेतला, त्यात निळा घातला, काळ्याचं बोट लावलं. चौतीस वर्षांत तो जांभळ्याच्या वाटेला गेला नव्हता, तरी दुसऱ्याच खेपेला रंग जमला. अगदी तोच, दुकानात टांगलेला, आईने बाजारी जाताजाता पाहिलेला. आयुष्यात इतका खरा रंग त्याच्या हातून उतरला नव्हता. कॅनव्हास हातभर अंतरावर कोरा उभा होता. हात तिकडे निघालाही. मग त्याने टर्पेंटाइनमध्ये चिंधी भिजवली आणि ताटली लख्ख पुसून काढली.

तेवढ्यात बाहेर कप ठेवल्याचा आवाज झाला. दार थोडं सरकलं.

"काय काढून राह्यला रे?" तानुबाईने उंबऱ्यापलीकडून विचारलं.

"लालच, माय," तो म्हणाला.

"काढ," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.